चाळणीखालचा किडा

मी एक जुनी चाळण आहे, आणि जुनी म्हणून कुणाला माझी कीव येत असेल, तर त्यानं ती आपल्याच घरी ठेवावी! माझी कड तीन ठिकाणी चेपली आहे, एका बाजूला तारेचे टाके आहेत. पण जाळी अजून ताठ आहे, मित्रांनो.

सुप्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. पिंपळीच्या अक्काबाईंनी मला उन्हाकडे धरलं, नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही चालंल." झालं, तेवढंच कौतुक. बाई बोलायला कंजूष, पण हात असा, की ज्वारी चाळताना दाणा कधी बाहेर उडाला नाही. माती, बारीक खडे, कोंडा माझ्यातून खाली. टपोरा दाणा माझ्यात वर. खाली पडलं ते झटकून उकिरड्यावर, वर राहिलं ते कणगीत. तीस सुगी आम्ही दोघींनी हेच केलं. शेजारणी मला मागून न्यायच्या. तेव्हाची माझी मिजास काय सांगू!

मग शिवारात ऊस आला आणि ज्वारी मागं पडली. जी थोडी पिकली ती मळणीयंत्रातून थेट पोत्यात जाऊ लागली. मला गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. कोळ्यानं माझ्या जाळीवर आपलं जाळं विणलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

त्या खुंटीवरून मला काढलं अंजलीनं. अंजली ही अक्काबाईंच्या भावाची मुलगी. बारामतीला कॉलेजात शिकवते आणि बारीकसारीक किड्यांचा अभ्यास करते. कन्हेरीच्या ओढ्याकाठी करंज आणि जांभळाची एक राई आहे. तिथला पाचोळा ती माझ्यात भरून हलवायची, खाली पांढरं फडकं अंथरलेलं. आणि काय सांगू, वरचा पाला ती पुन्हा झाडाखाली टाकायची अन् खाली पडलेला चुरा जपून ठेवायची. उलटाच कारभार! मी चक्रावूनच गेले.

त्या चुऱ्यात तिला एक किडा सापडला. मोहरीहून लहान, तपकिरी, टणक पाठीचा. पाचोळ्यातली बुरशी खाऊन राहणारा, पंख नसलेला. दोन वर्षं ती जगभरच्या नोंदी धुंडाळत होती. असा किडा कुणीच लिहून ठेवलेला नव्हता. पण तिच्याकडे होती एकुलती एक मादी. जाणकारांनी कळवलं, "नर दाखवा, मगच नवी जात मानू." तो काही केल्या मिळेना.

तेवढ्यात कन्हेरीची जत्रा आली. जत्रेआधी राई लोटून पाला पेटवायचा, ही गावाची जुनी रीत. पुढाकार जोतीरामतात्यांचा. उसाचं पाचट जाळणारा हात तो, त्याला पाचोळा म्हणजे कचराच. अंजली, अक्काबाई आणि मी पोचलो तर राईच्या टोकाला पाल्याचा डोंगर रचलेला. अंजलीनं हात जोडून थोडा वेळ मागितला.

"दुपारपतूर चाळा काय चाळायचं ते," तात्या म्हणाले. "मग मी काडी लावणार."

अंजली भिंगातून बघत होती, अक्काबाई मला हलवत होत्या. दुपार व्हायला आली आणि फडक्यावरच्या चुऱ्यात अंजलीला तो दिसला. मादीपेक्षा लांब मिशांचा. नर! ती एक शब्द न बोलता कुपी आणायला पिशवीकडे धावली. इकडे अक्काबाईंनी काय करावं? तीस सुगीचा हात तो! फडकं उचललं, झटकलं आणि सगळा चुरा त्या ढिगावर!

"आत्या!" अंजली किंचाळली. "त्यात नर होता गं!"

"अगं माझे आई!" अक्काबाईंनी कपाळावर हात मारला. "हात सवयीनं गेला गं!"

आणि तात्यांनी काडेपेटी काढली. "झालं न्हवं आता? सरा बाजूला."

अक्काबाई सरल्या नाहीत. त्या मला घेऊन थेट ढिगाच्या पुढ्यात फतकल मारून बसल्या.

"तात्या, चूक माझी हाय, ती मीच निस्तरणार. हितनं मी हलणार न्हाय. पेटवायचं तर आधी मला पेटवा."

"अक्का, एका किड्यापायी गावाची रीत मोडायची व्हय?"

"रीत काय पळून जात न्हाय. किडा जळाला तर परत कुठनं आणू?"

राई लोटायला जमलेली माणसं हसली. तात्यांनी काडेपेटी खिशात टाकली आणि करंजाखाली जाऊन बसले, रागानं लालबुंद. आम्ही तो ढीग वरून खाली चाळत गेलो. ओंजळ, ओंजळ, पुन्हा ओंजळ. माझा एक टाका तुटला, तुटू दे! ऊन उतरायच्या आत तो पुन्हा फडक्यावर पडला, मिशा हलवत. या वेळी अक्काबाईंनी मला बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागं धरले.

पुढं सात महिन्यांनी ती जात जगानं मानली. अंजलीनं तिला अक्काबाईंचं नाव दिलं.

"किड्याला बाईचं नाव?" तात्या म्हणाले.

"व्हय," अक्काबाई म्हणाल्या, "तुमचं द्यायला अजून एक किडा हुडकावा लागंल."

आता मी गोठ्यात नसते, दाराशी असते. यंदा जत्रेला तात्या पुन्हा काडेपेटी घेऊन येतील. येऊ द्या! अक्काबाईंनी माझा तुटलेला टाका कालच नव्या तारेनं भरला आहे. तुम्हीही, मित्रांनो, खाली पडलेलं झटकण्याआधी एकदा वाकून बघा. तीस वर्षं आम्ही दोघींनी न बघताच झटकलं. त्यात काय काय गेलं, ते आता आम्हाला कधीच कळणार नाही.