गवती चहाचं पातेलं

आमची गुणवंती जन्मली ते १९८२ साल. गिरण्यांचा संप सुरू होऊन आठवडा झाला होता. माझे मालक धर्मा परळच्या एका गिरणीत ब्लीचिंग खात्यात, कापड पांढरं करायच्या कामावर होते. तिथल्या औषधाच्या पाण्याने त्यांचे तळहात खरखरीत झाले होते, भेगांतून रक्त यायचं, बोटं पुरती उघडत नसत.

बारशाला ह्यांनी पोरीला पहिल्यांदा घेतलं आणि गालावरून हात फिरवला. गालावर लाल ओरखडा उठला, पोर किंचाळली. बायका हसल्या. कुणी म्हणालं, किसणीने कुरवाळतोस काय रे. हेही हसले, पण पोरीला माझ्याकडे दिलं ते दिलंच. पुढे पाळण्याची दोरी ओढायचे, पोरीला हात लावायचे नाहीत.

माझ्या सासूबाई सोनूबाई शीव कोळीवाड्यात मासळी विकायच्या. बर्फाने आणि काट्यांनी त्यांचेही हात फाटायचे. त्यावर त्यांचा एकच उपाय. दारातल्या डब्यात लावलेला गवती चहा आणि तुळशीची पानं उकळायची. संपात दूध आणि चहाची पावडर कुठली, म्हणून त्यातलाच एकेक कप आधी प्यायला काढायचा. उरलेल्यात झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या, झाकण ठेवायचं, कोमट झालं की गाळून त्यात हात बुडवून बसायचं. मग हात ओले असतानाच खोबरेल चोळायचं. ह्यांना त्या पूर्वीही दर रविवारी बसवायच्या, पण सोमवारी पुन्हा गिरणी असायची. आता रोज बसवू लागल्या.

शेजारचा जगन रंगखात्यातला. तो दारातून म्हणायचा, "धर्मा, तू माणूस हायस का बटर? चहात बुडून मऊ होशील रे."

होळी होऊन गेली. एका सकाळी पातेल्यात ह्यांच्या हातांची जुनी कातडी सुटून आली, मासळीच्या खवल्यांसारखी. खालून कोवळी, गुलाबी कातडी निघाली. ते तळहात मी लग्नापासून पाहत होते, पण त्यांवर रेषा आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. मी बोटाने एकेक रेषा चाचपून पाहिली.

हे पाळण्यापाशी गेले. "घेऊ?" माझ्याकडे न बघताच विचारलं.

मी म्हटलं, "घ्या."

पोरीने त्यांचा अंगठा धरला आणि झोपून गेली. हे तसेच बसून राहिले. जेवण गार झालं तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिला आला तो जगनच. मग वस्तीतले बाकीचे गिरणीवाले आले. एरवी युनियनवरून भांडणारी माणसं आमच्या अंगणात ओळीने, घरून आणलेल्या पातेल्यांत हात घालून गप्प बसायची. त्यांचेही हात निवळू लागले. बायकांनी गवती चहाच्या डब्याला हळद-कुंकू लावलं. येणारी-जाणारी माणसं डब्याला हात जोडायची. मीही जोडायचे.

पुढच्या वर्षी गिरणीने काही लोकांना परत बोलावलं. घर चालायला हवं होतं, म्हणून हे गेले. सासूबाईंनी काढा एक दिवसही चुकवला नाही. तरी थोड्याच दिवसांत ह्यांचे हात पुन्हा कडक झाले, रेषा बुजत चालल्या. सासूबाईंनी पानं दुप्पट घातली, फुलं दुप्पट घातली. काही फरक पडेना. शेवटी एका संध्याकाळी ह्यांचे हात मांडीवर घेऊन त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.

"चहा तोच हाय, धर्मा," त्या म्हणाल्या. "हात बी तेच. मधी गिरणी नव्हती, येवढाच काय तो फरक."

गुणवंती तेव्हा नुकती चालायला लागली होती. दुडदुडत आली, बापाचा हात धरला आणि लगेच सोडला. ह्यांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हे गिरणीत गेले नाहीत. मासळीच्या पाट्या उचलायला आईबरोबर भाऊच्या धक्क्यावर गेले, आणि मग रोजच जाऊ लागले. बायकांचा धंदा करतो म्हणून लोक चिडवायचे. बर्फाने हात फाटायचे, पण बर्फाच्या भेगा गवती चहा भरून काढायचा. गुणवंती शाळेत जाताना रस्ता ओलांडायला त्यांचाच हात धरायची.

डब्याला हात जोडणं मी मग सोडलं. मला नवल वाटत राहिलं ते त्या कातडीचं. इतकी वर्षं रोज जाळली, तरी ती खाली जिवंत राहिली. जरा उसंत मिळाली आणि रेषांसकट वर आली.

सासूबाई १९९४ च्या श्रावणात वारल्या. हे वारले २०१२ साली, नारळी पौर्णिमेनंतर.