शेरभर नात

"अज्जा, शर्ट काढा. नुसती बटनं सोडून चालायचं नाही," शिवलीला नावाची नर्स म्हणाली.

देवाप्पा पार अवघडले. सत्तरीचा माणूस परक्या पोरीसमोर उघडा कसा बसणार? पण काचेच्या पेटीतल्या नातीला कुणाच्या तरी अंगाची ऊब हवी होती. तिची आई, म्हणजे त्यांची प्रणिता, खालच्या वॉर्डात तापाने फणफणलेली. जावई अभिजीत शिंकत आला म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलेलं. मग उरलं कोण?

पोरगी सातव्या महिन्यातच आली. वजन नऊशे तीस ग्रॅम. अभिजीतची अमेरिकेतली आत्या फोनवर किंचाळली होती, "फक्त टू पाउंड्स?" देवाप्पांना पाउंड कळला नाही. ग्रॅम कळत होते. यशवंतपूरच्या बाजारात जन्मभर धान्यच तोललं होतं. पण जीवसुद्धा ग्रॅमात तोलतात, हे कुठं ठाऊक होतं! त्यांच्या मनाने तिला आपलं निपाणीकडच्या जुन्या मापात घातलं. किलोला मूठभर कमी, म्हणजे एक शेर. शेरभर नात!

वडील धान्य मोजताना पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन. देवाप्पाही तसंच म्हणत, आणि छोटी प्रणिता भातुकलीचे तांदूळ मोजताना तसंच.

पण नात शेरभरही राहिली नाही. रोज उतरत गेली. "आता वजन चढायला हवं, नाहीतर अवघड आहे," डॉक्टर सकाळीच बोलून गेले होते.

शिवलीलाने बाळ त्यांच्या उघड्या छातीवर ठेवलं. देवाप्पांचा श्वासच अडकला.

"अगं पोरी, हिचं वजनच लागंना की गं!"

"श्वास घ्या अज्जा. स्वल्प हळू. तुमच्या श्वासाबरोबर तीबी घेती."

खरंच घेत होती! मुठीएवढा तो जीव त्यांच्या छातीबरोबर वर जात होता, खाली येत होता. देवाप्पांच्या डोळ्यांना धार लागली. पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

दुपारी शिवलीलाने तिला काट्यावर ठेवलं. आकडा थरथरला, थांबला.

"अज्जा, कालच्यापेक्षा पाच ग्रॅम जास्ती!"

पाच ग्रॅम! बाजारात एवढे दाणे ते काट्यावरून हाताने झटकून टाकत, चिमण्यांना. आज त्यांनी त्या काट्याला हात जोडले. एवढं मोठं वजन त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

शर्ट चढवून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि प्रणिताला फोन लावला.

"अप्पा," तिने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "आज किती?"

आकडा ओठांवर होता. पण तोंडून निघालं ते निराळंच.

"लाभ," देवाप्पा म्हणाले.

पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके ऐकू येत राहिले.

ते आत गेले, कुणी सांगायच्या आधीच शर्ट काढून खुंटीला लावला आणि खुर्चीत टेकून बसले.