खिळ्यावरचा कोट

नोलीननं दवाखान्यामागच्या शेडमध्ये शिरून खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा होता.

तिथं एक जुना कोट असायचा, सगळ्यांचा मिळून. सिगारेट ओढायला येणारा प्रत्येक कर्मचारी तो अंगावर चढवी, कारण कामाच्या सदऱ्यावरचं दवाखान्याचं चित्र झाकायचं असे. ऑस्ट्रेलियातल्या या डार्लिंग नदीकाठच्या आपल्याच आदिवासी माणसांना ‘सिगारेट सोडा’ म्हणायचं आणि तेच चित्र मिरवत धूर काढायचा? छे, लाज वाटायची.

नोलीननं मागच्या महिन्यात सोडली. सोडणारे सगळे शुक्रवारी नदीवर जमत, शेकोटीवर चहा उकळत. भाषणबिषण नाही, नुसत्या गप्पा. ते सोपं होतं. अवघड होती व्हेर्ली मावशी. आईच्या मागं तिनंच नोलीनला वाढवलं, याच दवाखान्यात रक्तदाब मोजायलाही तिनंच शिकवलं. त्या मावशीनं पुढं केलेली सिगारेट नोलीननं ‘नको’ म्हणून परत केली होती. आपल्यात हातातलं वाटून घेतात, नाकारत नाहीत. तेव्हापासून मावशी तिला टाळत होती. समोरून आली की दुसऱ्याच खोलीत घुसायची.

आज नोलीनचा धीर सुटला. खड्ड्यात गेलं ते सोडणं! मावशीबरोबर एक ओढायची आणि अबोला मिटवायचा. शेजारणीकडून मागून आणलेली सिगारेट तिच्या मुठीत दमट झाली होती.

“कोट शोधतेस?”

मावशी दारात उभी होती. तिच्या मागं तारेवर कोट वाळत होता. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.

“तू धुतलास?”

“मग काय! मेल्याला वास मारत होता. आता कुणाला लागणारे तो? मला तर नाही.”

“म्हणजे तू... आणि मला वाटलं, तू रागावलीस.”

“रागावतेय कशाला, वेडे! आधी दोनदा सोडून तोंडावर आपटलेय मी. म्हटलं, या खेपेला टिकलं तरच सांगू. पोरीसमोर फजिती नको.”

नोलीनला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

“मुठीत काय लपवलंयस?”

नोलीननं मूठ उघडली. मावशीनं सिगारेट उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी तिच्या तळहातावर परत ठेवली.

“घे. वाटून घेतली.”

मग आपला तुकडा चुरगळून तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि झाकण नोलीनसाठी उघडंच धरून ठेवलं.