बंद बंदूक आणि घमेलं

सुकन्या मानेने शिट्टी गळ्यात अडकवली आणि आरशासमोर उभं राहून तीनदा वाजवली. चौथ्यांदा गाल फुगवले, तोच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, खाणीवर जाऊन वाजव ती! शेजारचे भाटिया पोलीस आले समजून उठायचे!"

"आई, आज मी रेंज ऑफिसर आहे."

"माहितीये. कालपासून अठरा वेळा सांगून झालंय. रेंज ऑफिसरला दूध प्यावं लागतं, तेवढं पी आणि निघ."

सुकन्याला गुरुवारी सोळा वर्षं पूर्ण झाली होती. फरीदाबादच्या बाकीच्या मुली सोळाव्या वाढदिवसाला काय मागत असतील ते असो, हिला पाहिजे होती ही शिट्टी. आजोबांच्या नेमबाजीच्या क्लबात सोळा पूर्ण झाल्याशिवाय कुणाला शिट्टी मिळत नसे, आणि सोळा झाले की कुणाला चुकवताही येत नसे. कारण क्लब म्हटला तरी तिथे ना शिपाई, ना माळी, ना पगारी माणूस. सगळं काम सभासदांचं. एकाने ट्रॅपवर बसायचं, म्हणजे मातीची केशरी चकती हवेत भिरकावणाऱ्या यंत्रावर. एकाने गुण लिहायचे, एकाने रिकामी काडतुसं वेचायची आणि एकाने शिट्टी घालून सगळ्यांवर नजर ठेवायची. दर रविवारी पाळी बदले. बाभळीला टांगलेल्या पत्र्यावर खडूने नावं लिहिलेली असत. तुम्ही कारखान्याचे मॅनेजर असा नाहीतर यूपीएससीची तयारी करणारे सुजयदादा असा, काम नाही केलं तर नेम नाही धरायचा. मामला साफ.

हा कायदा सुभेदार गुलाबराव माने यांनी घातलेला. कऱ्हाडकडचा माणूस. मराठा पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढली आणि पेन्शन घेऊन मुलाकडे फरीदाबादला आले. इथे दिवसभर टीव्हीसमोर बसून त्यांना गंज चढायला लागला, तेव्हा सूरजकुंडच्या वाटेवरची एक बंद पडलेली दगडाची खाण त्यांनी हेरली. तीन बाजूंना उभे कडे, छर्रे जातील तर कुठे जातील? एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत चार माणसं जमवून त्यांनी तिथे क्लब काढला. आता सत्त्याण्णव उजाडलं होतं आणि सभासद झाले होते बावीस.

पण या नऊ वर्षांत खाणीपलीकडे दुसरंच काहीतरी उगवलं होतं. जिथे पूर्वी नीलगायी चरायच्या, तिथे आठ-आठ मजल्यांचे चार टॉवर उभे होते. नाव ग्रीन मेडोज. तिथे ग्रीन काय ते फाटकाला लावलेला रंग तेवढा! या टॉवरवाल्यांनी जिल्हा कचेरीत द्यायला एक अर्ज लिहिला होता, की शेजारी बंदुकवाल्यांचा अड्डा आहे, कुणाचं कुणाला भान नाही, यांची परवानगी काढून घ्या. साठ घरांच्या सह्या झाल्या होत्या. फक्त सोसायटीच्या अध्यक्षाची राहिली होती. अध्यक्ष म्हणाले होते, मी आधी डोळ्यांनी बघणार, मग सही करणार. आणि बघायला ते येणार होते आज. म्हणजे बरोब्बर सुकन्याच्या पहिल्या रविवारी! नशीब असावं तर असं.

"हे बघ पोरी," स्कूटरवर आजोबा मागे मान वळवून म्हणाले, "आज चूक दिसता कामा नये. त्या मानसानं सही केली तर खाण गेली. दुसरी जागा न्हाई. चाळीस किलोमीटरात जिथं बघावं तिथं बिल्डरच्या पाट्या."

"आजोबा, पुढे बघा ना! ट्रक आहे!"

"मी पुढंच बघतोय," आजोबा म्हणाले, आणि मग खरंच पुढे बघायला लागले.

साडेआठला पहिली फेरी सुरू झाली. नेम धरणारे पुढे, बघणारे जमिनीवर टाकलेल्या लाल रस्सीच्या मागे. सुकन्याला वाटलं होतं की आवाज कापेल. कसला कापतोय! "लाइन तयार?" म्हणून तिने विचारलं आणि पाच मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी ताठ झाली. काय मजा होती यार! विश्वनाथकाका, जे एरवी ट्रॅक्टरच्या कारखान्यात दोनशे माणसांना झापायचे, ते तिच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ट्रॅपला तेल घालू का?" सुकन्या गंभीरपणे म्हणाली, "घाला." ट्रॅप त्यांनीच बनवला होता, ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग लावून. कधीकधी चकती पुढे जायच्याऐवजी त्यांच्याच टोपीवर यायची.

रेंज ऑफिसरचं एकच काम डोळ्यात तेल घालून करायचं असे, ते म्हणजे बंदुकांकडे बघणं. आपल्या जागेवर उभं राहून नेम धरायचा असेल तेव्हाच बंदूक बंद. बाकी सगळा वेळ ती कमरेत वाकलेली पाहिजे, उघडी, नळीतून पलीकडचं आभाळ दिसेल अशी. जो कुणी बंद बंदूक घेऊन वावरताना दिसेल त्याला शिट्टी, आणि शिट्टी झाली की घमेलं. म्हणजे दिवसभर नेम बंद, आणि घमेलं घेऊन खाणीत उतरायचं, न फुटलेल्या चकत्या शोधायच्या आणि भरून वर आणायच्या. विश्वनाथकाका दोनदा उतरले होते. सुजयदादा तर इतक्यांदा उतरला होता की खालच्या झुडपांची त्याला नावानिशी ओळख होती. एक आजोबाच तेवढे कधी उतरले नव्हते.

साडेनऊला पांढरी गाडी आली. गाडीतून आधी एक काठी बाहेर आली, मग पांढऱ्या मिशांचा उंच म्हातारा, आणि मागोमाग शाल घट्ट लपेटलेल्या एक बाई. बाईंचं तोंड असं होतं की सही त्यांना करायची असती तर गाडीतच केली असती.

आजोबांची पाळी नुकतीच संपली होती. पंचवीसपैकी बावीस फोडून ते पाच नंबरच्या जागेवरून परतत होते, बंदूक उघडी, हातावर आडवी टाकलेली, अगदी नियमात. विश्वनाथकाका पाहुण्यांना घेऊन पुढे आले.

"सुभेदारसाहेब, हे ग्रीन मेडोजचे अध्यक्ष. ब्रिगेडियर खुराना. आणि या मिसेस भल्ला."

मिसेस भल्लांचं नाव आजोबांनी ऐकलंच नाही. ब्रिगेडियर हा शब्द कानात शिरला आणि अठ्ठावीस वर्षं अंगात उभी राहिली. लटकत्या, वाकलेल्या बंदुकीने साहेबासमोर उभं राहायचं? हात आपोआप चालले. खट्! बंदूक बंद झाली, सरळ खांद्याशी गेली, टाचा जुळल्या, आणि सुभेदार गुलाबराव माने यांनी असा सलाम ठोकला की बाभळीवरचे पोपट उडाले.

ब्रिगेडियरांनी काठी डाव्या हातात घेतली आणि तेवढ्याच कडक हाताने सलाम परत केला. मिशा हसल्या. "कौन सी पलटन, साहब?"

"मराठा, सर!"

किती छान दिसत होते दोघं! आणि नेमकं त्याच क्षणी सुकन्याची नजर बंदुकीवर अडकली. कारण बंदूक बंद होती. जागेबाहेर, आठ माणसांच्या मधोमध, बंद.

सगळ्यांनी बघितलं होतं. सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. विश्वनाथकाका ट्रॅपच्या स्प्रिंगमध्ये असं डोकं घालून बसले की जणू आतून फोन आलाय. सुजयदादाने गुणांच्या वहीत भराभर काहीतरी लिहायला घेतलं, खरं तर लिहायला काहीच नव्हतं.

काडतुसं काढलेली सुकन्याने स्वतः पाहिली होती. बंदूक रिकामी होती. गप्प बसलं तर काय होईल? पाहुणे चहा घेतील, पलटणीच्या गप्पा होतील, सही राहील बाजूला. शिट्टी वाजवली तर पाहुण्यांना कळेल की या क्लबाचा मुख्य माणूसच नियम मोडतो, आणि मग काय, अर्ज तर खिशातच आहे त्यांच्या. बरं, चूक कुणाची? ज्यांनी तिला नेम धरायला शिकवलं त्यांची. बिचारे आजोबा, काय तर नमस्कारच केला ना!

पण हेच सुजयदादाने केलं असतं तर? तर शिट्टी केव्हाच वाजली असती, आणि वर एक टोमणाही. हा विचार तिच्या डोक्यात पुरा व्हायच्या आत शिट्टी तिच्या तोंडात होती.

वाजली. आरशासमोर वाजली होती त्याच्या दुप्पट.

"पाच नंबर! गन बंद!" सुकन्या ओरडली, आणि आजोबा म्हणायचं टाळून म्हणाली, "सुभेदार माने!"

आजोबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या बंदुकीकडे, जणू ती दुसऱ्याच कुणी त्यांच्या हातात ठेवली होती. "आगं, मोकळी हाय ती."

"माहितीये. सगळे मोकळीच म्हणतात."

ब्रिगेडियर मध्ये पडले. "बेटा, खाली है. साहब ने मुझे सलाम किया है. जाने दो."

आता मात्र सुकन्याला मागे वळायला जागाच नव्हती. तिने ब्रिगेडियरांच्या बुटांकडे बोट केलं. "सर, आप भी लाल रस्सी के अंदर खड़े हैं. प्लीज़ पीछे हो जाइए."

ब्रिगेडियरांनी खाली बघितलं. खरंच, त्यांचे चकचकीत बूट रस्सीच्या दोन पावलं आत होते. ते दोन पावलं मागे सरकले. आणि मिसेस भल्ला, ज्या आल्यापासून हसल्या नव्हत्या, त्या शालीत तोंड खुपसून खुदखुदायला लागल्या. "चार साल से मीटिंग में बैठ रही हूँ," त्या म्हणाल्या, "इनको पीछे करते आज पहली बार देखा!"

आजोबांनी बंदूक उघडली. दोन्ही नळ्या सुकन्याला दाखवल्या, रीतसर, जशा प्रत्येकाने दाखवायच्या असतात. मग ती स्टँडवर ठेवली आणि विचारलं, "घमेलं कुठं हाय?"

"झाडामागे," सुकन्या म्हणाली.

तिने लांब शिट्टी दिली. सगळ्या बंदुका उघड्या होऊन स्टँडवर गेल्या, सगळे रस्सीमागे आले, ट्रॅपची स्प्रिंग सोडली गेली. मग एकोणसत्तर वर्षांचे आजोबा घमेलं काखेला मारून खाणीची पायवाट उतरायला लागले, एक एक पाऊल आडवं टाकत. सुकन्याला वाटलं की धावत जावं आणि घमेलं हिसकावून घ्यावं. पण रेंज ऑफिसरने जागा सोडायची नसते.

"नीचे कोई हो तो फायरिंग?" ब्रिगेडियरांनी विचारलं.

"बिल्कुल बंद, सर. जब तक वो ऊपर नहीं आते, कोई गन को हाथ भी नहीं लगाएगा."

"अच्छा." ते थोडा वेळ स्टँडवरच्या बंदुका बघत राहिले. मग म्हणाले, "मला तुमच्या प्रमुखांशी बोलायचंय." हे ते हिंदीतच म्हणाले, पण आवाज असा होता की कुठल्याही भाषेत हुकूम वाटावा.

"सर, ते ड्यूटीवर आहेत," सुकन्याने हिंदीत सांगितलं. "घमेलं भरेपर्यंत वर येता येत नाही."

ब्रिगेडियरांच्या भुवया वर गेल्या. "तो मैं नीचे जाऊँ? इजाज़त है, मैडम?"

मॅडम! सुकन्याने मान हलवली. ते काठी टेकत उतरले.

पुढची वीस मिनिटं वरच्या सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढली. खालचं ऐकू काहीच येत नव्हतं. दिसत होते ते दोन वाकलेले म्हातारे. एक काठीने झुडूप बाजूला करायचा, दुसरा हात घालून चकती काढायचा. मध्येच दोघं उभे राहिले आणि आजोबा हातवारे करायला लागले.

"भांडतायत," विश्वनाथकाका म्हणाले.

"नाही हो काका," सुजयदादा म्हणाला, "एकाहत्तरची लढाई सांगतायत. हा हात एकाहत्तरचा."

मिसेस भल्लांना चहा दिला गेला. त्यांनी दोन कप घेतले आणि सुकन्याला सांगितलं की त्यांचा नातू चार महिन्यांचा आहे, रात्रभर जागतो, आणि रविवारी सकाळी साडेआठला डोळा लागतो तर ढिशांव! बाकी कुणाला काय त्रास होतो ते त्यांना ठाऊक नाही, त्यांना हा होतो. सुकन्याला एकदम वाईट वाटलं. साठ सह्यांच्या मागे एक झोपलेलं बाळ असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आंटी, तो उठतो कधी?"

"दस बजे. कभी साढ़े दस."

दोघे वर आले तेव्हा घमेलं शिगोशीग भरलं होतं, आणि एका बाजूचा कान ब्रिगेडियरांच्या हातात होता. बूट लाल मातीने माखले होते. त्यांनी घमेलं खाली ठेवलं, खिशातून अर्ज काढला आणि तो तसाच मिसेस भल्लांच्या हातात दिला. "मैं साइन नहीं कर रहा, भल्लाजी. इसमें लिखा है इधर कोई देखने वाला नहीं. है देखने वाला. मुझे ही भगा दिया."

"और मेरा पोता?"

"साडेदहानंतर सुरू करू," सुकन्या पटकन म्हणाली, आणि मग जीभ चावली, कारण हे ठरवायला सभासदांची बैठक लागते. तिने आजोबांकडे बघितलं.

"बघताय काय? हात वर करा की!" आजोबा सगळ्यांवर खेकसले. "ज्याला मंजूर त्यानं हात वर!"

झाडाखाली जेवढे होते तेवढ्यांचे हात वर गेले. ट्रॅपवरच्या विश्वनाथकाकांनी तर दोन्ही केले. मिसेस भल्लांनी अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. फाडला नाही बरं का. "मार्च में बच्चों के बोर्ड हैं," त्या म्हणाल्या, "तब पूरा बंद." तेही मान्य झालं.

सुकन्याच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की तिला तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या.

"मग आता," साडेदहा वाजून गेल्यावर आजोबा खाकरून हळूच म्हणाले, "शेवटच्या फेरीत पाच धरू का नेम? पाचच."

"नाही."

"आगं, सगळं मिटलं की!"

"आजचा दिवस बंद म्हणजे बंद. कायदा कुणी घातला?"

"गाढवानं," आजोबा म्हणाले, आणि रस्सीमागे मिसेस भल्लांशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. बसले ते गप्प थोडेच बसणार! मोडक्या हिंदीत त्यांनी बाईंना प्रत्येकाच्या चुका समजावून द्यायला सुरुवात केली. हा विश्वनाथ खांदा पाडतो, तो सुजय डोळा मिटतो, आणि ही माझी नात ना, घाई करती.

"रेंजवर शांतता!" सुकन्या ओरडली.

आजोबा, मिसेस भल्ला आणि ब्रिगेडियर खुराना, तिघंही एकदम गप्प झाले. मग तिने पाच पाठींकडे एकदा नीट बघून घेतलं आणि विचारलं, "लाइन तयार?"