गुडघ्यांखालची फळी

मित्रांनो, माणूस तोंडावरून ओळखता येतो असं तुम्हाला वाटत असेल. मला विचाराल तर तोंड खोटं बोलतं, गुडघा बोलत नाही. मी चर्चमधल्या एका बाकाच्या पायाशी असलेली जुनी फळी. प्रार्थनेच्या वेळी मंडळी माझ्यावर गुडघे टेकायची. तोंडं मी फारशी पाहिली नाहीत, पण गुडघे इतके पाहिलेत की एकावर एक रचले असते तर चंद्राला भोक पडलं असतं. आता यात थोडं कमी-जास्त धरा.

मला घडवलं एका तिरसट सुताराने. रंधा मारता मारता मध्येच एक गाठ लागली, लोखंडासारखी. तीन पाती बोथट झाली, चौथं तर गाठीला बघूनच वाकलं. सुतार वैतागून म्हणाला, "मर, राहा तशीच! प्रार्थनेत डुलक्या काढणाऱ्यांच्या कामी येशील."

आणि आले बरं का कामी! एक लठ्ठ दुकानदार डोळे मिटले की घोरायचा. एकदा त्याचा गुडघा घसरून माझ्या गाठीवर आला आणि तो असा काही "आमेन!" ओरडला, की पाळकसाहेबांची प्रार्थना अर्ध्यातच संपली. त्या दिवसापासून सगळे त्याला मोठा भक्त समजायला लागले. एक म्हातारे मास्तर होते, ते खाली बसताना हाडांचा असा कडाका व्हायचा की छपरावरची कबुतरं उडायची ती पुढच्या रविवारीच परतायची. मजेचे दिवस होते ते.

पण मी सांगायला बसलेय ती गोष्ट ताईची. तिच्यात एकही थाप नाही.

चर्चसमोरच्या गल्लीत ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली, एक मशीन आणि कापडाच्या ढिगामागे बसलेली धाकटी बहीण. बहिणीची कामं दोन, काजं करणं आणि टोमणे मारणं. दोन्ही अगदी बारीक.

ताई विशीत असताना तिची आई गेली. आठवड्याने एका दुपारी ती एकटीच चर्चमध्ये आली आणि माझ्या भिंतीकडच्या टोकाला गुडघे टेकून रडली. खूप रडली. मग अचानक शांत झाली. रडून दमलेलं माणूस गप्प होतं, तसं नव्हे ते. तिचे गुडघेसुद्धा थरथरायचे थांबले. बहीण बोलवायला आली, तर ही म्हणाली, "अगं, माझ्याजवळ कोणीतरी होतं. देव होता. मला काही मागायचं सुचलंसुद्धा नाही."

"मग मागायचं ना, गधडे!" बहीण म्हणाली. "घरमालक जिना दुरुस्त करत नाहीये, तेवढं तरी!"

दोघी हसल्या. उठता उठता ताईचा तोल गेला आणि गुडघा माझ्या गाठीवर आपटला. चांगला काळानिळा डाग पडला. तो डाग पंधरा दिवस राहिला, आणि तो बघितला की तिला ती दुपार आठवायची. हळूहळू तिच्या मनाने घेतलं, की देव भेटला तो त्या गाठीपाशीच.

झालं! दुसऱ्या महिन्यापासून ती रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायची आणि बरोब्बर गाठीवर गुडघा ठेवायची. तिला घर नको होतं, पोरंबाळं नको होती, नाव नको होतं. एकदा भेटलेला देव पुन्हा भेटावा, एवढंच हवं होतं. अशी अडतीस वर्षं गेली, मित्रांनो. तो काही आला नाही.

चर्चच्या कमिटीने माझ्यावर रेक्झिनची गादी बसवली, तर हिने गाठीवरचा तुकडा कात्रीने कापून काढला आणि कडा अशा सफाईने दुमडून शिवल्या, की कमिटीला वाटलं डिझाइनच आहे.

"देव काय सुतारकामात बसलाय का गं?" बहीण चिडून म्हणायची. "बघ त्या गुडघ्याची काय दशा झालीय!"

"मग कुठे बसलाय ते सांग," ताई म्हणायची. "तिथे जाते."

यावर बहीण दातांनी कचकन दोरा तोडायची.

पाळकसाहेब माणूस भला होता. ते म्हणाले, "ताई, अर्ध्या मनानं शोधणाऱ्याला देव सापडत नाही. पूर्ण मन लावा."

ताईने खाली बघत विचारलं, "साहेब, माझं कुठलं अर्धं मागे राहिलंय, तेवढं सांगा. तेही आणून देते."

साहेबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मग ते राहिलेलं अर्धं ती आपली आपणच शोधायला लागली. चहा सोडला. रेडिओ बहिणीला देऊन टाकला. बहिणीशी भांडणंही सोडली, पण ते दीड दिवसच टिकलं. शेवटी मोठ्याने हसणं सोडलं. ते मात्र कायमचं सुटलं.

मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की बाई गं, त्या दिवशी तू गाठीवर नव्हतीसच! तू भिंतीकडे होतीस. आणि तिकडे तरी काय होतं? तिकडेही लाकूडच होतं. तो आला होता तो तुझ्याजवळ. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. पण फळीचं कोण ऐकतं!

मग जुने बाक निघाले आणि खुर्च्या आल्या. आता बसूनच प्रार्थना करायची, असं ठरलं. मला मागच्या अंगणात टाकलं. ताई लंगडत आली आणि म्हणाली, "साहेब, मला फक्त गाठीचा तुकडा द्या. माझ्या खोलीत अख्खी फळी मावणार नाही."

करवत आली. हातभर तुकडा कापून तिला दिला. भिंतीकडचं टोक एकाने पाणी तापवायला नेलं. ताई मला छातीशी धरून घरी घेऊन गेली. इतकं प्रेम मला जन्मात मिळालं नव्हतं आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

आता मी मशीनशेजारी, खिडकीखाली असते. डॉक्टरांनी गुडघे टेकायला साफ मनाई केलीय. एका सकाळी ताई टेकली ती तिला उठताच येईना. बहीण बाजारातून येईपर्यंत दोन तास तशीच होती. बहिणीने पिशवी टाकली आणि तिला बगलेत धरून उचललं.

"मला हाक का नाही मारलीस?"

"त्यालाच मारत होते."

बहीण स्वयंपाकघरात जाऊन रडली. भांडी आपटत रडली, म्हणजे ऐकू जायला नको.

निवृत्त झालेले पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "ताई, शोधणं सोडू नका."

"सोडलं नाही साहेब," ताई म्हणाली. "रोज शोधते. फक्त सापडेल असं आता वाटत नाही."

साहेबांनी चहा अर्धाच घेतला.

हल्ली बहीणच तिला रोज सकाळी सावकाश माझ्यावर टेकवते, मागे उभी राहते आणि पुरे झालं की उचलते. दोघींच्या मिळून चार गुडघ्यांत धड एकच उरलाय. पूर्वी उचलताना बहीण विचारायची, "आला का गं?" आता विचारत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या फळीला तेलपाणी करा, असं मी सांगणार नाही. माझं आता काय, आज नाही तर उद्या चुलीत. पण तुमच्या घरात कोणी असं वर्षानुवर्षं गुडघे टेकत असेल, तर त्याला मन लाव म्हणून शिकवू नका. ते त्याने केव्हाच लावलेलं असतं. त्याला उठायला हात द्या. आणि काही विचारू नका.