मधली भिंत

हवा खेळती ठेवणाऱ्या जाळीत कोंबलेले जुने बनियन कॅरिनने ओढून काढले आणि ऑरेस्टच्या पायाशी भिरकावले. गॅरेजच्या भिंतीतल्या त्या चौकोनातून बाहेरचा गारठा सरळ आत शिरला.

"पुन्हा ही जाळी बुजवलीत, तर तुमचा ट्रक रस्त्यावर जाईल."

ऑरेस्ट टायरशी वाकला होता. सुनेकडे न बघताच तो म्हणाला, "बाहेर उणे तीस आहे. लोक गॅरेज बांधतात ऊब राहावी म्हणून, आणि आमच्या बाईसाहेब भिंतीला भोकं पाडून घेतात."

"काल निनाला दोनदा ओकारी झाली. स्वयंपाकघरात विषारी धुराची घंटा कोकलत होती, आणि तुम्ही इथे इंजिन चालू ठेवून रेडिओ ऐकत बसला होतात."

"दार अर्धं उघडं होतं."

"आणि ही भिंत? ही काय पोलादाची आहे?"

ती नव्हतीच. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामधल्या भिंतीला ठेकेदाराने घराच्या बाजूने एक पातळ तक्ता ठोकला होता. गॅरेजच्या बाजूला लाकडी खांब अजून उघडे होते. त्यातून धूर यायचा, आवाज यायचा, हिवाळा यायचा.

सिफ्टन गावाजवळची शेती विकून ऑरेस्टने मुलाच्या या नव्या घराला हातभार लावला होता. त्यामुळे त्याला जा म्हणायची सोय नव्हती, आणि हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. डॅरिल उत्तरेच्या खाणीत पंधरा-पंधरा दिवस कामाला असे. मागे उरत ती, तिचा सासरा आणि पाच वर्षांची निना.

दुपारी कॅरिनने खिडकीतून पाहिले तर ट्रक अंगणात बर्फावर उभा होता. ऑरेस्टने एका शब्दाने वाद न घालता तो बाहेर काढला होता. तिला त्याचाच संशय आला.

दुसऱ्या दिवसापासून ठोकाठोक सुरू झाली. भिंतीत भरायला काचेच्या लोकरीच्या गुलाबी गुंडाळ्या आल्या. मोठ्या दाराला आतून फोमचे तक्ते लागले, खालच्या फटीला रबराची पट्टी बसली. कॅरिनने डॅरिलला फोनवर सांगितले, "तुझ्या वडिलांची ट्रक परत आत आणायची तयारी चालली आहे. माझ्या नाकावर टिच्चून."

जेवायला मात्र ऑरेस्ट वेळेवर येई. एकदा बटाटा भरलेल्या उकडीच्या करंजीचा तुकडा काट्यावर धरून त्याने विचारले, "हे पेरोगी आहेत की दाराचं रबर?"

"रबर तुम्ही संपवलंत. म्हणून पेरोगी केले."

निना हसली. मोठी दोघे हसली नाहीत.

शनिवारी ठोकाठोक थांबली. आता ट्रक आत येणार, या खात्रीने कॅरिनने मधले दार उघडले आणि उंबऱ्यावरच थबकली.

आत ऊब होती. कोपऱ्यात शेतावरची लोखंडी खाट मांडलेली होती, शेजारी विजेची शेगडी आणि किटली. बाहेरच्या भिंतीला आता एकाऐवजी दोन जाळ्या होत्या, एक जमिनीलगत, एक छताखाली, आणि वरच्या जाळीमागे छोटा पंखा सावकाश फिरत होता. तिने हात वर धरून पाहिला. हवा व्यवस्थित बाहेर जात होती.

"इथे कोण राहणार?"

"ज्याचा घरभर वास येतो, तो." ऑरेस्ट लोकर कापत होता. "भिंत पातळ आहे, बाईसाहेब. तू फोनवर बोलतेस ना, त्यातलं एक अक्षर वाया जात नाही."

वासाचे ते वाक्य फोनवरचे, तिचेच होते. कॅरिनच्या मानेपर्यंत लाली चढली. माफीचे शब्द तिच्या तोंडाशी आले. पण ते खोटे ठरले असते, आणि त्यालाही ते कळले असते.

"डॅरिलला काय सांगायचं?"

"म्हाताऱ्याने हट्ट धरला म्हणून सांग."

"तेच सांगणार होते."

"मग झालं तर." त्याने लोकरीचा लांब पट्टा उचलला. बाहेरच्या भिंती झाल्या होत्या. ही मधलीच तेवढी उरली होती. पट्ट्याचे वरचे टोक त्याच्या हातून सटकत होते. खांद्याच्या वर त्याचा हात जात नव्हता. त्याने मदत मागितली नाही. एकदा पट्टा अंगावर कोसळला, त्याने तो पुन्हा उचलला.

कॅरिन स्टुलावर चढली आणि तिने वरचे टोक धरले.

तो खालून दाबत आला, ती वरून. "डावीकडे," तो म्हणे, आणि ती डावीकडे सरकवी. एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे काम इतके बिनबोभाट सरकत गेले, की या घरात आल्यापासून असे एकही काम त्यांनी मिळून केले नव्हते, हे दोघांच्याही लक्षात आले असावे.

दोन खांबांमधला शेवटचा गाळा उरला असताना पलीकडून निनाची हाक आली. आजोबांना ती गिदो म्हणे.

"गिदो! गिदो, कुठे आहेस?"

ऑरेस्टचा हात थांबला. ओठ हलले. त्याने सुनेकडे पाहिले.

कॅरिनने पट्टा वरून नीट बसवला आणि कडा बोटांनी आत खोचत खाली येत गेली. हाक पुन्हा आली, मग एकदा आणखी, लोकरीमागून आधीपेक्षा बारीक.

"इथे अजून थोडी फट आहे," ती म्हणाली.

ऑरेस्टने लोकरीचा तुकडा कापून तिच्या हातात दिला.