एक ते पाच

बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि कागदावर एकदा.

एका देशात मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात. तोवर मातीत खेळतात.

चहावर साय धरली होती.

दुसऱ्या एका देशात शंभरात पस्तीस मिळाले की सुटलो.

बाईंचा डावा खांदा सकाळपासून आखडलेला.

तिसऱ्या देशात प्रगतिपुस्तकात आकडाच नसतो. शिक्षिका लिहिते, ‘हा दुसऱ्याचं नीट ऐकून घेतो.’ अर्जातल्या चौकोनाला मात्र आकडाच लागतो.

“टोकन एकोणीस!”

हे सगळं टेबल क्रमांक तीनवर येऊन पडायचं. परदेशातून परतलेलं मूल इथल्या कितव्या वर्गात बसवायचं, हे ठरवणारं टेबल. मागच्या भिंतीवर भला मोठा तक्ता, एकेका ओळीत एकेक देश, तिथले गुण आणि त्यांच्यासमोर इथले. ऑफिसात बाईंना सगळे तराजूबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पूर्वी त्या हसायच्या.

टोकन एकोणीस म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आणि त्याच्या दोन मुली. थोरली पंधरा वर्षांची, उंच, जरा वाकून उभी राहणारी. धाकटी तिच्या ओढणीचं टोक धरून.

“ओळखलंत का मॅडम? मागच्या वर्षी हिला घेऊन आलो होतो. दोन वर्ग खाली बसवलंत तुम्ही.” तो मोकळेपणाने हसला. “माझंही कामच ते. मी माणसं वर-खाली नेतो, तुम्ही पोरं नेता.”

बाईंनी हात पुढे केला. “गुणांची वही.”

“ही धाकटी आता आली तिकडून, परदेशातल्या आत्याकडून. शाळा तीच, घर तेच. पण डोकं ज्याचं त्याचं, मॅडम. थोरली एक-एक घेऊन आलेली. हिला बघा, सगळे पाच!”

धाकटीने मान खाली घातली. वही हिरवी होती. या वर्षीपासून सोबत भाषांतर जोडायचा नियम आला होता, म्हणून बाईंनी ते वाचलं.

गणित, पाच. ‘मोजायला अजून बोटं लागतात. बरीच मदत हवी.’

भाषा, पाच. ‘मोठ्याने वाचायला सांगितलं की रडते.’

बाई उठल्या. तक्त्यावर बोट ठेवून देशाची ओळ शोधली. वरची ओळ शेजारच्या देशाची. त्यांच्या वह्याही हिरव्याच. तिथे पाच म्हणजे उत्तम. खालची ओळ या मुलींच्या शाळेच्या देशाची. तिथे एक म्हणजे उत्तम. बोट दोन ओळींच्या मधल्या रेघेवर थांबलं.

त्या खुर्चीवर परत आल्या आणि थोरलीकडे वळल्या.

“तुला किती होते गं?”

“सगळे एक. चित्रकलेत दोन.”

“बोलली का नाहीस?”

“बोलले होते. बाबांना.”

“हो, म्हणत होती ना,” बाप म्हणाला. “एक म्हणजे पहिला नंबर म्हणे! आत्याही तिचीच री ओढायची. मी म्हटलं, ऑफिसचा शिक्का काय खोटं बोलणार आहे?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“शिक्का माझा होता. मी वरची ओळ वाचली. चूक माझी आहे. हिच्या शाळेत एक म्हणजेच उत्तम.”

बाप तक्त्याकडे बघत राहिला, मग धाकटीकडे.

“म्हणजे... ही नापास?”

थोरली त्याच्याकडे बघत होती. मग तिने धाकटीला जवळ ओढलं, तिचा एक कान आपल्या कुशीत दाबला आणि दुसऱ्यावर तळवा ठेवला.

“मॅडम, दोघींचंही तसंच राहू द्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “मला सवय झालीय. तिला नाही होणार.”

आता बापाने तिच्याकडे पाहिलं.

“वर्षभर मी तुला...” एवढंच तो म्हणाला. फाइलची नाडी बांधायला घेतली. गाठ बसेना.

बाईंनी पुन्हा चष्मा लावला. “तुझी वही कुठे आहे?”

“माळ्यावर. बाबांनी टाकलीय.”

“उद्या घेऊन ये. दहावीचं पत्र मी देते.”

“आणि हिचं?”

बाईंनी सर्वांत खालचा खण ओढला. तो अडकत अडकत उघडला. आतून कडा पिवळ्या पडलेला एक कोरा अर्ज काढला.

“हिची तोंडी परीक्षा घेऊ. आकडे बाजूला ठेवून. नियमात आहे, पण कुणी घेत नाही. तास-दीड तास जातो.”

“टोकन वीस!” शिपाई ओरडला.

“वीसला बसायला सांग.”

बाईंनी दुसरी खुर्ची टेबलाच्या अलीकडे, आपल्या शेजारी ओढली आणि तिच्यावरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या. धाकटी बसली. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

मागच्या वर्षी थोरलीचा अर्ज या टेबलावर सव्वा मिनिटात निकाली निघाला होता.